'नंतर बघू'चा डबा

रविवार, रात्री

नखांतलं ग्रीस जाता जात नाही. पूर्वी यावर रॉकेल हा रामबाण उपाय होता. आता रॉकेल कुठून आणायचं? डिझेलने हात धुतले, मग साबण लावला. तरी जेवताना वरणभाताला डिझेलचा वास येत होता.

मामाची फियाट गेल्या मे महिन्यात टेम्पोवर चढवून घरी आणली. 1968 ची डिलाइट. ज्या जुन्या गोलमटोल मॉडेलला सगळे डुक्कर फियाट म्हणायचे, ती नव्हे; ही तिच्या नंतरची, हँडलपाशी गिअर असलेली, पुढे पद्मिनी झाली तेच अंग. मामाने 1996 साली 'नीट रंग काढून परत जोडू' म्हणून ती खोलली आणि ते 'परत' कधी आलंच नाही. मामा गेला. मामी म्हणाली, "त्या खोलीत मला गव्हाची कोठी ठेवायचीय. ने बाबा सगळं."

सगळं म्हणजे एक सांगाडा, एक इंजिन आणि बावीस डबे. श्रीखंडाचे, दूध पावडरचे, वनस्पती तुपाचे. मामा शिस्तीचा माणूस. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी: 'पुढचा ब्रेक, डावा'. 'दरवाजाच्या स्प्रिंगा (एक कमी आहे)'. एकाच डब्यावर लिहिलं होतं, 'नंतर बघू'.

आज तो डबा वर्तमानपत्रावर ओतला. सतरा वस्तू निघाल्या. त्यातल्या अकरा ओळखू आल्या, दोन मोडक्या म्हणून बाजूला काढल्या. उरल्या चार.

बुधवार

चारपैकी एक सुटली. नायलॉनची चपटी बुशिंग, एका बाजूने अंडाकृती झिजलेली. गिअरच्या दांड्याच्या सांध्यातली. दांडा हलवून बघितला तर खुळखुळत होता, तिथेच ती बसायला हवी. पण इतकी झिजलेली परत घालण्यात अर्थ नाही. लेथवाल्याकडून नवी करून घेतली.

सकाळी जुन्या बाजारात चक्कर मारली. बुधवार-रविवारच भरतो, म्हणून ऑफिसला उशीर. पद्मिनीचा माल आता आटलाय. मुंबईत टॅक्स्या होत्या तोवर कुर्ल्याच्या भंगारातून काहीही मिळायचं. 2003 च्या ऑक्टोबरमध्ये ताडदेवला शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत भरली आणि 2023 च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून उतरली. आता एका वायपरच्या मोटरला विक्रेता असा भाव सांगतो, जणू घरातलं स्थळच दाखवतोय.

शनिवार

हॉर्न. दोन आठवडे मी या हॉर्नशी भांडतोय. मूळचाच आहे, आतून साफ केला, बॅटरीला थेट लावला तर छान खणखणीत वाजतो. गाडीला बसवला की घसा बसलेल्या कोंबड्यासारखा. पाठीमागचा स्क्रू फिरवून पाहिला, वायर बदलली, अर्थिंग घासून चकचकीत केलं. काही नाही.

डब्यातल्या चारपैकी दुसरी वस्तू म्हणजे पोलादी पातळ पट्ट्या. एकावर एक तीन, दोन्ही टोकांना भोकं. मी तिला कसली तरी कमान समजत होतो, म्हणजे पाट्याच्या स्प्रिंगचं पिल्लू. आज ती उन्हात धरली आणि रंग दिसला. गाडीचा मूळ रंग फिकट हिरवा, त्यावर मामाने नंतर पांढरा मारला होता. पट्टीच्या एका टोकावर हिरवा होता, पांढरा नव्हता. आणि हिरव्याच्या मधोमध वॉशरएवढं गोल कोरं लोखंड. म्हणजे पांढरा मारताना ही गाडीवर नव्हती, पण हिरव्याच्या वेळी होती, आणि तिच्यावर काहीतरी गोल आवळलेलं होतं.

मग टॉर्च घेऊन बॉनेटखाली घुसलो. तशाच मापाचा कोरा गोल डाग गाडीच्या अंगावर कुठे आहे? रेडिएटरच्या शेजारी सापडला. तिथेच, जिथे मी जाड पट्टी कापून स्वतः ब्रॅकेट केला होता आणि त्यावर हॉर्न आवळला होता!

मिस्त्रींना फोन केला. ते हसत सुटले. "साहेब, हॉर्न हलला पाहिजे. तुम्ही त्याला भिंतीला बांधला. त्याची पट्टी पातळच असते, म्हणून तर तो बोलतो." जाड ब्रॅकेट हॉर्नची कंपनं गाडीच्या अंगात ओढून घेतो, आवाज मरतो. स्प्रिंगच्या पट्ट्या त्याला मोकळा ठेवतात. पट्टी बसवली. समोरच्या गॅलरीतल्या आजी बाहेर आल्या.

माझा जाड ब्रॅकेट छान झाला होता, हे मात्र नोंदवून ठेवतो.

रविवार

तिसरी वस्तू, बोल्ट. बारीक आट्यांचा, बुटका. 14 मिलिमीटरचा पाना चढेना, 15 चा गरगर फिरला. फियाट मेट्रिक गाडी, म्हणून हा इथला नव्हे असं ठरवून टाकला होता. डोक्यावर मेट्रिक बोल्टांसारखं 8.8 असं काही नाही, तर मधून बाहेर जाणाऱ्या तीन रेघा. इंचाच्या बोल्टांवरची खूण. थ्रेड गेज, म्हणजे आटे मोजायची दातेरी पट्टी, लावली: इंचाला 24 आटे, व्यास पावणेदहा मिलिमीटरच्या आत. थोडक्यात 3/8 इंचाचा यूएनएफ, म्हणजे इंचातल्या बारीक आट्यांचा. मामाकडे त्याआधी काही वर्षं एक जुनी जीप होती, तिचाच असणार म्हणून मी भंगाराच्या टोपलीत टाकला.

दुपारी डायनॅमो चढवायला घेतला. खालच्या ब्रॅकेटचं इंजिनावरचं भोक मूळचं 8 चं. नवा बोल्ट घातला तर विहिरीत पोहरा सोडावा तसा आत गेला. आटे गेले म्हणून कपाळाला हात. हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारं तारेचं वेटोळं, घालावी लागणार, त्यासाठी इंजिन परत मिस्त्रींकडे, म्हणजे पुन्हा टेम्पो. आत बोट घालून पाहिलं तर आटे चांगले खरखरीत लागले. गेलेले नव्हतेच. फक्त मोठे होते.

टोपली उपडी केली. 3/8 चा बोल्ट हाताने चार फेरे सरळ आत.

मूळचे आटे कधीतरी गेले असणार, आणि हाताशी जीपचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) असल्यामुळे मामाने साडेआठचं ड्रिल मारून तोच फिरवला. शुद्धतावादी माणूस याला जुगाड म्हणेल. जाणकार आले आणि त्यांनी नाक मुरडलं तर मुरडोत; मी तोच बोल्ट ठेवलाय. फक्त डब्यात एक अर्ध्या इंचाहून थोडा मोठा, 9/16 चा पाना टाकून ठेवलाय. मामाने तेवढी चिठ्ठी लिहायला हवी होती.

गुरुवार

चौथी वस्तू. पितळी, करंगळीच्या नखाएवढी, मधे सुईचंही टोक जाणार नाही असं भोक. मी पहिल्या दिवसापासून हिला कार्बोरेटरचा जेट म्हणतोय. पण या गाडीच्या सोलेक्स कंपनीच्या कार्बोरेटरच्या जेटवर आकडा कोरलेला असतो, भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत. 115 म्हणजे 1.15 मिलिमीटर. हिच्यावर आकडा नाही. कार्बोरेटरमध्ये कुठे आटेही जुळत नाहीत. चोकच्या बाजूला लावून पाहिलं, नाही. दोन मिस्त्रींना दाखवलं, दोघांनी दोन वेगवेगळ्या गाड्यांची नावं सांगितली.

संध्याकाळी मामीकडे हॉर्नचा व्हिडिओ दाखवायला गेलो. सहज खिशातून काढून तीही ओट्यावर ठेवली.

मामीने चष्मा लावला. "अरे, हे स्टोव्हचं निपल."

"कसलं?"

"माझ्या वातीच्या नव्हे, पंपाच्या स्टोव्हचं. भोक बुजलं होतं म्हणून यांना साफ करायला दिलं होतं." तिने ते उलटंपालटं करून पाहिलं. "आणि मला म्हणाले, तूच केरात टाकलंस."

निपल तिने परत दिलं नाही.