पिकअपच्या काचेची मशीन बदलताना

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, पहाटे चारच्या सुमारास, टोमॅटोचे क्रेट भरून मी आणि माझा पुतण्या नारायणगावहून कल्याणकडे निघालो होतो. ओतूर मागे टाकून पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेने माळशेजच्या माथ्यावर पोहोचलो, तेव्हा पाऊस आणि धुके इतके दाट होते की बाजूचा आरसा दिसावा म्हणून मी माझ्या बाजूची काच अर्ध्यापर्यंत खाली घेतली. आरसा पाहून झाला, बटण वर ओढले आणि दरवाज्याच्या आतून ‘कट्’ असा एकच आवाज आला. काच हलली नाही. पुन्हा ओढले, पुन्हा तोच आवाज. चौथ्या-पाचव्या वेळी तोही बंद झाला. गाडी कडेला घेऊन आम्ही खताची रिकामी प्लास्टिक गोणी फाडली, तिची एक कड दरवाज्याच्या चौकटीत दाबून धरली, दार ओढून घेतले आणि तशाच अवस्थेत घाट उतरलो. कल्याणपर्यंत माझी उजवी बाजू भिजत होती.

आमची गाडी दुहेरी केबिनची असून तिला चारही काचा बटणावरच्या आहेत. बिघाड त्या दिवशी उघड झाला असला तरी त्याची चाहूल मे महिन्यातच लागलेली होती. उजवी काच वर जाताना रेंगाळत असे, पुढची कड किंचित खाली झुकत असे आणि शेवटच्या चार बोटांत ‘कर्र’ असा आवाज येत असे. हंगामाच्या धावपळीत मी हाताने काचेला थोडा आधार देऊन ती वर नेत राहिलो. ते मी करायला नको होते, हे पुढे दरवाजा उघडल्यावर कळले.

परत आल्यावर एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. तिथल्या कारागिराने बटण दोनदा दाबले, काहीच आवाज आला नाही, तेव्हा त्याने मोटर जळाली असल्याचे सांगितले आणि मोटरसह पूर्ण मशीन टाकण्याचा सल्ला दिला. गॅरेजमध्ये ‘काचेची मशीन’ म्हणतात ती म्हणजे काच वर-खाली नेणारी यंत्रणा, पुस्तकी नाव रेग्युलेटर. मी खर्चाला तयार होतो, पण आयटीआयमध्ये शिकणारा पुतण्या घाटातली एक गोष्ट विसरला नव्हता. तो म्हणाला, “काका, तुम्ही बटण ओढलंत तेव्हा केबिनमधला दिवा मंद होत होता. मोटर जळाली असती तर दिवा हललाच नसता.”

त्याच्या या वाक्यामुळे बिघाड कुठे शोधायचा हे ठरले. बटण दाबताच दिवा मंद होतो याचा अर्थ बॅटरीतून भरपूर करंट निघतो आहे. म्हणजे फ्यूज शाबूत आहे, बटण काम करते आहे, वायर तुटलेली नाही, आणि मोटर करंट घेते आहे पण फिरू शकत नाही. तिला कोणीतरी अडवून धरले आहे. मग थोड्या वेळाने ती अगदी गप्प का झाली? या मोटरींमध्ये बहुधा उष्णतेने उघडणारे एक संरक्षण बसवलेले असते. मोटर अडकून तापली की ते पुरवठा तोडते आणि थंड झाल्यावर आपोआप जोडते. त्यामुळे पाच-सहा वेळा बटण दाबल्यावर मोटर मेल्यासारखी वाटते. आम्ही गाडी अर्धा तास तशीच उभी ठेवली, पुन्हा बटण ओढले, आणि तोच ‘कट्’ आवाज परत आला.

तरीही अंदाजावर विसंबून सामान विकत आणणे मला पटत नव्हते. बाकीच्या तीन काचा नीट चालत होत्या. मग दार हळूहळू उघड-बंद करत पुतण्याने बटण धरून ठेवले, कारण दार आणि गाडीच्या सांगाड्याचा खांब यांच्यामधल्या रबरी नळीतून जाणाऱ्या वायरी रोजच्या वाकण्याने आवरणाच्या आतच तुटतात आणि बाहेरून धडधाकट दिसतात. तसा दोष असता तर दाराच्या एखाद्या कोनात आवाज बदलला असता किंवा पूर्ण थांबला असता. तो बदलला नाही.

आता दरवाजा उघडणे भाग होते. आतल्या हँडलच्या वाटीत एका छोट्या टोपणाखाली एक स्क्रू आणि हात टेकवायच्या खाचेत दोन, एवढे काढल्यावर दाराचे पॅड फक्त प्लास्टिकच्या क्लिपांवर उरते. पॅड खालच्या कडेपासून सुटे करत वर यावे आणि शेवटी काचेच्या पट्टीतून उचलून घ्यावे, ओढून मुळीच काढू नये, कारण मागे बटणांचा प्लग आणि हँडलची तार जोडलेली असते. जुन्या झालेल्या दोन क्लिपा तरीही तुटल्याच. पॅडच्या मागे चिकट काळ्या डांबरासारख्या पट्टीने लावलेला प्लास्टिकचा कागद असतो. पुष्कळ ठिकाणी तो फाडून फेकून देतात, आणि मग पावसाळ्यात पायाखालची मॅट ओली का होते याचा शोध सुरू होतो. काचेवरून ओघळणारे पाणी दरवाज्याच्या पोकळीत उतरणारच, आणि खालच्या कडेच्या भोकांतून ते बाहेर पडावे अशीच दाराची रचना असते. ते पाणी केबिनकडे येऊ न देण्याचे काम हा कागद करतो. आम्ही तो सुरीने सावकाश सोडवला आणि वरच्या बाजूला चिकटवून ठेवला.

मोटरचा प्लग सुटा करून त्याच्या दोन टोकांत मल्टिमीटर लावला. इथे एक बारकावा आहे. या मोटरला कायमची ‘प्लस’ आणि कायमची ‘अर्थ’ अशी वायर नसते. बटण मोकळे असताना दोन्ही वायरी अर्थला असतात, बटण एका बाजूला दाबले की त्यातली एक प्लस होते आणि दुसऱ्या बाजूला दाबले की दुसरी. म्हणूनच काच दोन्ही दिशांना जाते. त्यामुळे मोजमाप दोन वायरींच्या मध्ये घ्यावे लागते. मीटरवर वर ओढताना 12.3 व्होल्ट आणि खाली दाबताना उणे 12.3 व्होल्ट असा आकडा आला. पण मोकळ्या वायरीवर पूर्ण व्होल्टेज दिसले म्हणून वायर चांगली ठरत नाही, एखादाच तंतू शिल्लक असला तरी मीटर तोच आकडा दाखवते. म्हणून पुतण्याने त्या प्लगवर हेडलाइटचा जुना बल्ब जोडला, आणि तो पूर्ण तेजाने पेटला. विजेच्या बाजूबद्दल आमच्या मनात मग शंका उरली नाही.

टॉर्चच्या उजेडात आत डोकावल्यावर बिघाड डोळ्यांनी दिसला. आमच्या गाडीची मशीन केबलची आहे. मोटरला जोडलेल्या एका ढोलावर पोलादी केबल गुंडाळलेली असते, ती उभ्या पट्टीच्या वरच्या आणि खालच्या टोकाच्या पुलीवरून फिरते, आणि पट्टीवर सरकणाऱ्या प्लास्टिकच्या तुकड्याला काच दोन बोल्टांनी धरलेली असते. ढोल फिरला की एका बाजूने केबल गुंडाळली जाते, दुसऱ्या बाजूने सुटते आणि काच सरकते. आमची केबल वरच्या पुलीपाशी उसवून झाडूच्या टोकासारखी पिंजली होती. तिचे तंतू ढोलाच्या खाचेतून बाहेर पडून, भोवऱ्याला जाळी वेडीवाकडी गुंडाळावी तसे एकमेकांवर बसले होते आणि त्यांनी ढोल जागीच घट्ट आवळून धरला होता. सरकणाऱ्या तुकड्याचा एक कान तुटला होता. मे महिन्यात काचेची पुढची कड झुकत होती ती यामुळेच.

काच अर्ध्यात अडकल्याने तिचे बोल्ट दाराच्या भोकांसमोर येत नव्हते. जाड हातमोजे घालून मी पकडीने केबल कापली, पुतण्याने बाहेरून दोन्ही तळव्यांनी काच हळूहळू वर सरकवली, आणि बोल्ट भोकांसमोर आल्यावर दहा मिलिमीटरच्या गोटीने (सॉकेट पान्याने) ते काढले. नंतर काच पूर्ण वर नेऊन रुंद चिकटपट्टीने दाराच्या चौकटीवरून आत-बाहेर बांधली. बाजूची काच टणक केलेली असते. मधोमध ती बराच मार सोसते, पण कडेला लोखंडाचा लहानसा टोला बसला तरी क्षणात तिचा चुरा होतो. म्हणून काच बांधल्याशिवाय मशीनला हात लावू नये.

याच ठिकाणी आणखी एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. काही गाड्यांमध्ये केबलऐवजी कात्रीसारख्या दोन पट्ट्यांची मशीन असते आणि काचेचे वजन तोलण्यासाठी तिला बऱ्याचदा गोल गुंडाळलेली ताकदवान स्प्रिंग असते. तशा मशीनची मोटर काढताच दातेरी पट्टी स्प्रिंगच्या जोराने एकदम फिरते, आणि मध्ये बोट असले तर ते तुटू शकते. मोटरला हात घालण्याआधी ती पट्टी क्लॅम्पने किंवा भोकातून बोल्ट घालून जागेवर बांधलीच पाहिजे.

सहा नट आणि मोटरचे तीन स्क्रू काढल्यावर मशीन खालच्या मोठ्या भोकातून तिरकी करून बाहेर आली. मोटर वेगळी करून बॅटरीवर थेट लावली. ती फिरली, तारा उलट केल्यावर उलट फिरली, कुठे अडखळली नाही. म्हणजे जळाल्याचे सांगितलेली मोटर चांगली होती. जुनी मशीन पिशवीत घालून मी आळेफाट्याच्या दुकानात नेली, कारण डाव्या आणि उजव्या दाराची मशीन आरशातल्या प्रतिमेसारखी उलट असते आणि तोंडी सांगण्यात हमखास घोटाळा होतो. मोटरशिवाय मशीन 1,350 रुपयांना मिळाली. मोटरसह तिची किंमत दुपटीहून अधिक होती.

नवी मशीन बसवली, पट्टीवर पांढरे ग्रीस लावले, काच जोडली आणि बटण ओढले. काच वर गेली, पण अर्ध्यापासून पुढे तशीच रेंगाळत. त्या क्षणी मला खरोखर वाईट वाटले. पॅड लावून टाकण्याची घाई पुतण्याने केली नाही, हे त्याचे श्रेय. त्याने घड्याळ लावून पाहिले, तर डाव्या दाराची काच पूर्ण वर जायला चार सेकंद आणि या काचेला नऊ. मशीन नवी, मोटर चांगली, वीज पुरेशी, मग उरले ते काचेचा मार्ग.

आम्ही काचेचे बोल्ट पुन्हा काढले आणि ती नुसत्या हातांनी वर-खाली करून पाहिली. खालचा अर्धा प्रवास सैल होता, वरच्या अर्ध्या भागात मात्र तिला रेटावे लागत होते. काच ज्या रबरी चॅनेलमधून सरकते, त्याच्या खोबणीत शेताच्या रस्त्याची लाल माती बसून पावसाने घट्ट झाली होती. नखाने खरवडली तर तिचे पापुद्रे निघत होते, आणि रबराच्या तळाची मखमलीसारखी लव झिजून काळे, कोरडे, खरखरीत रबर उघडे पडले होते. त्या खोबणीत काच ओढून ओढून केबलवर ताण येत होता, आणि वरच्या पुलीच्या वळणावर तिचा एकेक तंतू तुटत गेला होता. केबल तुटणे हा शेवट होता, सुरुवात या मातीपासून झाली होती. मी मे महिन्यात काच हाताने वर ढकलत होतो, तेव्हाच ही खोबण साफ केली असती तर मशीन बहुधा वाचली असती. नुसती मशीन बदलून पॅड लावले असते, तर नव्या केबलनेही फार पावसाळे पाहिले नसते.

पोलादी पट्टीवर ओले फडके गुंडाळून आम्ही दोन्ही बाजूंची खोबण वरपासून खालपर्यंत पुसली. पाचव्या-सहाव्या फडक्याला रंग यायचा थांबला. कोरडी झाल्यावर त्यात सिलिकॉनचा फवारा मारला. इथे इंजिन ऑइल किंवा ग्रीस वापरण्याचा मोह टाळावा, कारण अशा तेलाने रबर फुगते आणि त्याला धूळ चिकटून दुप्पट चिखल होतो. काच आता दोन बोटांनी सरकू लागली.

जोडताना पट्टीचे नट आणि काचेचे बोल्ट आधी सैलच ठेवले, मोटरने काच पूर्ण वर नेली, ती खोबणीत स्वतःहून सरळ बसली, आणि मगच सगळे आवळले. आधी आवळले तर तिरकी बसलेली काच जन्मभर तिरकीच चालते. बोल्टखालचे प्लास्टिकचे वायसर विसरू नयेत आणि बोल्ट जोर लावून पिळू नयेत. नंतर दाराच्या खालच्या कडेची तीन भोके तारेने मोकळी केली. त्यांतून वाटीभर गढूळ पाणी आले. प्लास्टिकचा कागद मूळ जागी दाबून बसवला, तुटलेल्या क्लिपांच्या जागी नव्या लावल्या आणि पॅड चढवण्याआधी बाहेरून पाच मिनिटे पाण्याचा पाइप धरला. पाणी भोकांतून खाली पडत होते, कागदाच्या आतली बाजू कोरडी होती. काच साडेचार सेकंदांत वर गेली.

उरलेल्या तीन दारांच्या खोबणी आम्ही दुसऱ्या दिवशी साफ केल्या. मागच्या डाव्या दाराची काच सात सेकंद घेत होती, ती पाचवर आली. तिची केबल पुलीपाशी थोडी पिंजू लागली आहे. नवी मशीन आणून ठेवली आहे. पुढच्या रविवारी गाडीला फेरी नाही, तेव्हा ते दार उघडायचे ठरले आहे.