मायनस दोन म्हणजे नेमकं किती?

चष्म्याच्या चिठ्ठीवर -2.00 दिसलं की घरचे विचारतात, नंबर खूप आहे का? त्याचं उत्तर मोजपट्टीवर मिळतं. 100 ला नंबराने भागा. मायनस दोनला 50 सेंटिमीटर, म्हणजे चष्मा काढल्यावर तेवढ्या अंतरापर्यंतच स्वच्छ दिसतं, त्यापुढे धूसर. मायनस चारला 25 सेंटिमीटर.

म्हणूनच मायनस दोनचं मूल वही व्यवस्थित वाचतं, पण फळ्यावरचे 3 आणि 8 त्याला सारखेच वाटतात. ते तक्रारही करत नाही, कारण सगळ्यांना असंच दिसतं अशी त्याची समजूत असते. शेजारच्याच्या वहीतून उतरवून घेणं, डोळे बारीक करणं, टीव्हीजवळ सरकणं, यावर लक्ष ठेवा. पापण्यांची फट अरुंद झाली की कडेचे किरण अडतात, त्यामुळे तेवढ्यापुरतं बरं दिसतं.

मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे साधारण 24 मिलिमीटर असतो. एखादा मिलिमीटर जास्त लांबला तरी नंबर अडीच-तीनने वाढतो. लांबच्या वस्तूची प्रतिमा डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याच्या अलीकडेच जुळते आणि पडद्यावर पोचेस्तोवर फिसकटते. मध्ये पातळ, कडेला जाड अशी अंतर्गोल काच तिला मागे सरकवते.

चष्म्याने नंबर वाढतो, हा समज खरोखर नुकसान करतो. वाढत्या वयात डोळा लांबतो तो चष्मा नसला तरी लांबतोच, आणि मुद्दाम कमी नंबर दिल्याने ते थांबत नाही. उपयोग होतो तो रोज दोनेक तास घराबाहेरच्या उजेडात घालवण्याचा, तोही मुख्यतः नंबर लागण्याआधी.

लहान मुलाचा नंबर नुसत्या मशीनवर ठरवू नका. मूल आत बघताना जवळचं बघण्याचा जोर लावतं आणि मायनस जास्त येतो. थेंब टाकून हा जोर लावणारा डोळ्यातला स्नायू सैल करावा लागतो. त्यानंतर काही तास, कधी त्याहून जास्त, जवळचं वाचता येत नाही, ऊन डोळ्यांत खुपतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी ही तपासणी नको.

लेसरने चष्मा सुटतो, पण डोळ्याची लांबी तेवढीच राहते आणि पडदा ताणलेलाच असतो. मायनस सहाच्या पुढे जास्त जपावं लागतं. अचानक काळे ठिपके वाढले, वीज चमकल्यासारखं झालं, किंवा कडेने सावली सरकत आली, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. सोबत कुणाला तरी न्या, परतताना गाडी चालवता येणार नाही.