नारिंगी वायर आणि पिवळी ज्योत

मागच्या उन्हाळ्यात जालन्याच्या एका सळईवाल्यांची हायब्रिड गाडी समृद्धीवरून टोचन होऊन आमच्या चिकलठाण्याच्या गॅरेजला आली. विदेशी, टर्बो पेट्रोल इंजिन, जोडीला मोटर. मोटरवर लोण्यासारखी चालायची. इंजिन लागलं की हिवताप भरल्यासारखी थरथरायची.

मला धाक होता तो नारिंगी वायरींचा. त्यांत शेकडो व्होल्ट असतात. बॅटरी तोडणारा सर्व्हिस प्लग काढला, कपॅसिटरमध्ये साठलेला करंट उतरायला दहा मिनिटं थांबलो, मीटरवर शून्य बघितलं. तोवर रबरी हातमोजे काढले नाहीत. पोरालाही तीनदा बजावलं. आयटीआय करून नुकताच आलेला, हाताला चपळ, जरा जास्तच.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजला तर तीन नंबरचं सिलिंडर निम्म्यावर. त्यात हवा भरली तशी सायलेन्सरमधून फुसफुस यायला लागली. म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, जळका धूर बाहेर सोडणारी झडप, गळत होता. हेड उतरवलं, तर व्हॉल्व्हची कड उंदरानं भाकरी कुरतडावी तशी जळालेली. नवा सेट मागवला, जुने व्हॉल्व्ह ट्रेमध्ये टाकले आणि जेवायला बसलो.

आमच्याकडं जुन्या व्हॉल्व्हचा पंच, म्हणजे ठोकायचं हत्यार, करायची रीत आहे; पोलाद कडक असतं. पोरानं एकाचं डोकं कटरनं उडवलं आणि गरम दांडी गार करायला पाण्याच्या डब्यात बुडवली.

फाट्! पिवळीजर्द ज्योत, पांढरा धूर, डबा उलटा. पोरगं भिंतीला चिकटलं. गॉगल होता म्हणून डोळे वाचले.

"काय करायलास रे!" मी ओरडलो. दुसरा पाण्याची बादली घेऊन पळत आला, त्याला दारातच अडवलं. प्लास्टरसाठी आणलेली कोरडी वाळू घमेल्यानं ओतली, राहिलेले तुकडे रॉकेलमध्ये टाकले.

चूक माझीच. अशा दमाच्या इंजिनांत एक्झॉस्ट व्हॉल्व्हची दांडी पोकळ असू शकते आणि आत सोडियम असतं, पाणी लागलं की भडकणारं. 98 अंशांना ते वितळतं, व्हॉल्व्हबरोबर खालीवर हिंदकळतं आणि तापलेल्या डोक्याची उष्णता दांडीत आणून सोडतं. युक्ती जुनी आहे. जुन्या विमानांच्या इंजिनांतही सोडियमचे व्हॉल्व्ह असायचे. हे मला ठाऊक होतं. सांगायचं मात्र नारिंगी वायरींच्या नादात राहून गेलं.

गाडी चार दिवसांनी गेली. पाचव्या दिवशी पोरगं एका ट्रॅक्टरचा व्हॉल्व्ह दोन बोटांत धरून आलं.

"उस्ताद, हा भरीव आहे ना?"