सगळं पांढरंच आलंय की

जुलैतली संध्याकाळ. बेळगावात चार दिवस पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. इमेजरच्या (पट्ट्यांचा उजेड टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या) खोलीतून खानापूरची विद्यार्थिनी बाहेर आली. "मॅडम, सगळं पांढरंच आलंय की." दहा सेकंद, एक मिनिट, दहा मिनिटं, एक्स्पोजर कितीही वाढवलं तरी स्क्रीनवर एक पट्टी दिसत नव्हती.

वेस्टर्न ब्लॉट होता: जेलमध्ये प्रथिनं आकारानुसार वेगळी करायची, मेम्ब्रेन नावाच्या पातळ पडद्यावर उतरवायची (ट्रान्सफर) आणि अँटीबॉडीनं हवं ते शोधायचं. शोधायचं होतं कॅस्पेज-३. पेशी मरणाच्या वाटेला लागली की हे ३५ किलोडाल्टनचं (प्रथिनाच्या वजनाचं माप) प्रथिन तुटतं आणि १७ व १९ किलोडाल्टनचे तुकडे दिसू लागतात. पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून, म्हणजे तुकडे नक्की दिसावेत असा नमुना म्हणून, हेला पेशींना (प्रयोगशाळेत वाढवतात त्या कर्करोगाच्या पेशी) १ मायक्रोमोलर स्टॉरोस्पोरिन, हे पेशी मारणारं रसायन, चार तास दिलेलं. १२ टक्के जेल, प्रत्येक वेलमध्ये ३० मायक्रोग्रॅम प्रथिन. लोडिंग कंट्रोल, म्हणजे सगळ्या लेनमध्ये प्रथिन सारखंच पडलंय का याची खूण, बीटा-अ‍ॅक्टिन ४२ किलोडाल्टनचं, म्हणजे ३५ च्या अगदी शेजारी. मेम्ब्रेन तिथं आडवं कापायला गेलं की एकाची पट्टी हमखास दुसऱ्याच्या वाट्याला जाते. म्हणून तेच नमुने जेलच्या दोन्ही अर्ध्यांत भरले होते आणि ट्रान्सफरनंतर मेम्ब्रेन उभं कापलं होतं. एका अर्ध्याला सशाची अँटीबॉडी, दुसऱ्याला उंदराची.

"काल ट्रान्सफर चालू असताना लाइट गेलती नव्हं? त्यातच गेलं असणार," निपाणीचा मुलगा म्हणाला. शंका रास्त होती. लाइट परत आली तरी आमचा पॉवर पॅक आपोआप सुरू होत नाही, शून्यावर बसून राहतो. १०० व्होल्टवर तासभर चालवायचं होतं, त्यात पंधरा मिनिटं करंटच नव्हता. तेवढ्या वेळात प्रथिनं जेलमध्येच पसरतात आणि पट्ट्या फुगतात. पण फुगणं वेगळं, नाहीसं होणं वेगळं.

पॉन्सोचा (मेम्ब्रेनवरची प्रथिनं गुलाबी करणाऱ्या रंगाचा) फोटो मोबाइलमध्ये होता. हे एवढं मी सगळ्यांकडून सक्तीनं करून घेते: ५ टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमधलं ०.१ टक्का पॉन्सो-एस, दोन-तीन मिनिटं, पाण्यानं धुवायचं, फोटो काढायचा, मगच ब्लॉकिंग (मेम्ब्रेनची मोकळी जागा दुधानं झाकणं). फोटोत सगळ्या लेनमध्ये गुलाबी पट्ट्या होत्या, थोड्या जाडसर, पण २० किलोडाल्टनच्या खालीही स्वच्छ. मेम्ब्रेन ०.२ मायक्रॉन छिद्रांचं पीव्हीडीएफ, त्यामुळे बारीक तुकडे आरपार गेले नव्हते. उरलेलं जेल कूमासी या प्रथिनं रंगवणाऱ्या रंगात टाकलं होतं. त्यात १०० किलोडाल्टनच्या वरचंच काय ते शिल्लक होतं. लाइट निर्दोष सुटली.

मग अ‍ॅक्टिन. नुसतं कॅस्पेज गायब असतं तर अँटीबॉडीवर संशय घेतला असता. पण दोन्ही अर्ध्यांवर पांढरंच, आणि दोघांची प्रायमरीही (प्रथिनाला चिकटणारी पहिली अँटीबॉडी) वेगळी, सेकंडरीही (पहिलीला चिकटणारी, एचआरपी हे एन्झाइम लावलेली दुसरी) वेगळी. दोघांत सामाईक काय? पाच टक्के स्किम मिल्क (कुंद्याच्या गावात दुधाची पावडर आमच्याकडे अशी संपते), टीबीएसटी (वॉशचं बफर: टीबीएस आणि त्यात साबणासारखं ट्वीन) आणि ईसीएल (एचआरपी भेटलं की उजेड देणारं द्रावण).

ईसीएल तपासायला दोन मिनिटं लागतात. ट्यूबमध्ये २०० मायक्रोलीटर ईसीएल घ्यायचं, खोलीतला दिवा बंद करायचा आणि एचआरपी लावलेली सेकंडरी, पातळ न करता, १ मायक्रोलीटर सोडायची. निळा उजेड लख्ख पडला, डोळ्यांनाही दिसेल इतका. ईसीएल ठीक, एन्झाइमही जिवंत. आता दोन ट्यूब: एकीत ईसीएल आणि पाणी निम्मं-निम्मं, दुसरीत ईसीएल आणि आमचं टीबीएसटी, दोन्हींत तीच सेकंडरी. पाण्याची ट्यूब उजळली. टीबीएसटीची क्षणभर मिणमिणली आणि विझली.

टीबीएसटी ज्यातून करतो त्या १० एक्स (दहापट तीव्र) टीबीएसची बाटली फिरवून पाहिली. मागच्या बाजूला बारीक अक्षरात: 'अझाइड घातलंय'. पावसाळ्यात पातळ केलेल्या टीबीएसमध्ये आठवड्याभरात कापसासारखे धागे तरंगू लागतात, म्हणून कुणीतरी अर्ध्या लिटर स्टॉकमध्ये १ ग्रॅम सोडियम अझाइड टाकलं होतं. दहापट पातळ केल्यावर ते ०.०२ टक्के, म्हणजे सुमारे ३ मिलिमोलर. एचआरपी मारायला तेवढं पुरतं.

प्रायमरीच्या व्हायलमध्येही पुष्कळदा अझाइड असतं, त्यामुळे कुणाला त्याची धास्ती वाटत नाही. पण ते एकास हजार पातळ होतं आणि वॉशमध्ये निघून जातं. इथं वॉशच अझाइडचा होता. शिवाय त्याचा खरा घाव पेरॉक्साइडच्या जोडीनं बसतो, आणि पेरॉक्साइड तर ईसीएलमध्येच असतं. म्हणजे तोवर अझाइड मेम्ब्रेनवर गप्प बसून होतं. ईसीएल ओतलं तेव्हा एन्झाइम मेलं.

मेम्ब्रेन अजून ओलं होतं, हे नशीब. प्रायमरी जागेवरच होती, मेली होती ती सेकंडरीची शेपटी, म्हणजे एचआरपी. नवं १० एक्स टीबीएस केलं: लिटरला ट्रिस २४.२ ग्रॅम, मीठ ८० ग्रॅम, पीएच ७.६. ते दहापट पातळ करून ट्वीन-२० ०.१ टक्का, ट्वीन मधासारखं चिकट, टिपचं टोक कापून घेतल्याशिवाय माप बरोबर येत नाही. पाच मिनिटांचे पाच वॉश, एकास ५,००० सेकंडरी पुन्हा तासभर, पुन्हा वॉश. अ‍ॅक्टिन वीस सेकंदांत आलं. १७-१९ ची जोडी यायला चार मिनिटं लागली, फिकी होती, पण स्टॉरोस्पोरिनच्या लेनमध्येच होती.

जुनी बाटली सिंकमध्ये ओतायला निघालेल्या हाताला थांबवावं लागलं. तांब्या-शिशाच्या पाइपांत अझाइड साचलं की स्फोटक क्षार बनतात, आणि आम्लात पडलं तर विषारी वाफ निघते. बाटलीवर लाल पट्टी लावून ती घातक कचऱ्याच्या कपाटात ठेवली.

नवा स्टॉक ठेवायला फ्रिज उघडला, तर वरच्या कप्प्यात शेजारच्या टेबलाचा एलायझाचा (प्लेटवरच्या अँटीबॉडी चाचणीचा, तिथंही एचआरपीच) वॉश बफर. तारीख परवाची. विचारलं, तर तोही त्याच बाटलीतून केलेला, आणि त्यांची प्लेट सकाळी नऊला लागायची होती.