तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या जुन्या ट्रकचे पार्ट मिळतात कुठे?

माझा ट्रक बघायला आलेला माणूस बॉनेटखाली डोकावतो आणि हमखास विचारतो, “सत्तर वर्षांच्या या इंजिनाचे पार्ट तुम्हाला मिळतात तरी कुठे?” विचारणाऱ्यांतल्या कित्येकांच्या दारात असाच एखादा ट्रक उघडा पडलेला असतो. त्यांना घाईत उत्तर देणं मला बरं वाटत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ट्रकचं नाव आणि मॉडेलचं वर्ष एवढ्यावर पार्ट शोधायला निघू नका. मालाची गाडी उभी राहिली की मालकाचं पोट अडायचं. इंजिन बसलं तर हाताशी येईल ते दुसरं टाकून ती पुन्हा रस्त्यावर आणायची, हीच रीत होती. माझा ट्रक कागदोपत्री १९५१चा शेव्हरले. त्यात २१६ घनइंचाचं सहा सिलिंडरचं इंजिन असायला हवं. त्या इंजिनाचं वरचं व्हॉल्व्ह कव्हर मधोमध दोन नटांवर बसतं. माझ्या इंजिनाचं कव्हर कडेच्या चार स्क्रूंवर होतं. मग ब्लॉक घासून साफ केला आणि ओतकामातच उमटलेले आकडे वाचले. या ब्लॉकवर आधी महिन्याचं इंग्रजी अक्षर असतं, ‘ए’ म्हणजे जानेवारी, ‘बी’ म्हणजे फेब्रुवारी असं. मग तारीख, आणि शेवटी वर्षाचा फक्त शेवटचा अंक. दशक कोणतं, ते बाकीच्या खुणांवरून ठरवावं लागतं. माझं इंजिन १९५४चं, २३५ घनइंचाचं निघालं.

हा फरक किरकोळ नाही. २१६चा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, साडेतीन इंच, २३५चा ३ पूर्णांक ९/१६ इंच, म्हणजे पिस्टन आणि रिंगा वेगळ्या. त्याहून मोठी गोष्ट बेअरिंगची. १९५४च्या २३५मध्ये कनेक्टिंग रॉडला, म्हणजे पिस्टन आणि क्रँकशाफ्ट जोडणाऱ्या दांड्याला, बेअरिंगचे सुटे शेल (बदलता येणारे अर्धगोल तुकडे) बसतात आणि तेल दाबाने पोचतं. २१६मध्ये रॉडच्या पोटातच व्हाइट मेटल, म्हणजे बेअरिंगचा मऊ धातू, ओतलेलं असतं, आणि रॉडच्या टोकाचा चमचा फिरता फिरता तेल उडवून घेतो. अशा रॉडचं बेअरिंग डब्यात मिळत नाही, कारण सुटा पार्ट असा नाहीच. थोडी झीज असेल तर कॅपखालच्या पातळ शिमा काढून फट कमी करता येते. झीज जास्त असेल तर जुनं मेटल वितळवून काढायचं, नवं ओतायचं आणि क्रँकच्या मापाला मशीन करायचं. मुख्यतः कथील, त्यात अँटिमनी आणि तांबं, असं हे मिश्रण. आयझॅक बॅबिट यांनी अशा बेअरिंगचं पेटंट १८३९मध्ये घेतलं. इथे तुम्ही पार्ट शोधत नसता, हात शोधत असता. रॉड किती तापवायचा, मेटल कधी ओतायचं, हे ज्याला नुसत्या नजरेने कळतं असा माणूस भेटला तर त्याच्याकडे काम द्याच, आणि जमलं तर शेजारी उभे राहून शिकूनही घ्या. असे लोक कमी होत चाललेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

इंजिन नक्की ठरलं की शोध एकदम रुंदावतो. पुष्कळ इंजिनं फक्त ट्रकपुरती नव्हतीच. पर्किन्सचं ६.३५४ डिझेल, म्हणजे सहा सिलिंडर आणि ३५४ घनइंच, ट्रकमध्ये होतं तसं शेतीच्या यंत्रांत होतं आणि बोटींतही होतं. क्रायस्लरची जुनी साइड-व्हॉल्व्ह सहा सिलिंडर इंजिनं फोर्कलिफ्टमध्ये आणि कापणी यंत्रांत चालली. ट्रकच्या पार्टवाल्याने हात वर केले की ट्रॅक्टरवाल्याला विचारा, बोटवाल्याला विचारा. बोटीचं इंजिन मात्र कधी कधी उलट्या दिशेने फिरणारं असतं. त्याचा स्टार्टर आणि कॅमशाफ्ट घेण्याआधी खात्री करून घ्या.

दुकानात जाताना माप घेऊन जा. पिस्टनसाठी बोअर, गजन पिनचा (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनचा) व्यास, पिनच्या मध्यापासून डोक्यापर्यंतची उंची आणि रिंगांची जाडी. ऑइल सीलसाठी शाफ्टचा व्यास, सील बसतं त्या खाचेचा व्यास आणि रुंदी. बॉल बेअरिंगवर नंबर कोरलेला असेल तर गाडीचं नावही सांगू नका: ६२०३ म्हणजे आत १७, बाहेर ४० आणि रुंदी १२ मिलिमीटर, कुठल्याही कंपनीचं. जुन्या ब्रिटिश ट्रकांचे आटे व्हिटवर्थचे, ५५ अंशांचे. नंतरचे युनिफाइड आटे ६० अंशांचे. जवळच्या मापाचा बोल्ट दोन फेरे जातो आणि अडकतो. तिथे जोर लावाल तर ब्लॉकमधला आटा जाईल. आणि बोअर किती झिजलाय ते मोजून पुढचा ओव्हरसाइज, म्हणजे मूळपेक्षा मोठं माप, ठरवा, त्या मापाचे पिस्टन हातात येऊ द्या, ते मोजा, आणि मगच ब्लॉक बोअरिंगला द्या.

वर्षानुवर्षं डब्यात पडून राहिलेला मूळ कंपनीचा कोरा पार्ट दिसला की हरखून जायला होतं. गिअर, व्हॉल्व्ह, पिन, रिंगा असं धातूचं काही असेल आणि गंज चढला नसेल तर खुशाल घ्या. रबर मात्र डब्यातही म्हातारं होतं. फ्युएल पंपाचा जुना डायफ्राम कोरा असला तरी इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसमोर टिकेल असं धरून चालू नका, नव्या रबराचा संच घ्या. जुन्या हेड गॅस्केटमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळे ब्लॉकवर चिकटलेला थर कोरडा घासून धूळ उडवू नका.

राहिला तडकलेला ब्लॉक किंवा हेड. दुसरं मिळतच नसेल तर तो लगेच भंगारात घालू नका. बिडाच्या तड्याला पिनांची ओळ ठोकून न तापवता ‘शिवणारे’ कारागीर आहेत. आधी चुंबकीय तपासणी करून तडा कुठवर गेलाय ते बघून घ्या.

जुना पार्ट कितीही झिजलेला असो, नवा बसून इंजिन नीट चालेपर्यंत जपून ठेवा. जिथे काहीच घासलं जात नाही, अशा कडेच्या पट्टीत त्याचं मूळ माप शिल्लक असतं. पुढच्या वेळी मला विचारायला याल तेव्हा तो पार्ट, ब्लॉकवरच्या आकड्यांचा फोटो आणि बोअरचं माप एवढं बरोबर आणा. कुठे शोधायचं ते आपण मिळून ठरवू.