ती ओरडली का नाही?

एव्हा ट्रोबिश या दिग्दर्शिकेचा पहिला सिनेमा, 'आलेस इस्ट गुट', २०१८ चा, जर्मन. परवा कोथरूडला मैत्रिणीकडे आम्ही सगळ्या मिळून बघितला आणि अजून डोक्यातून जात नाहीये.

यान्ने शाळेच्या गेट-टुगेदरला जाते, तिथे मार्टिन भेटतो, तो निघतो तिच्या नव्या बॉसचा मेहुणा. रात्री तो जबरदस्ती करतो. ती नाही म्हणते, ढकलते, आणि हा थांबणारच नाहीये हे कळल्यावर नुसती पडून राहते. ना अंधारी गल्ली, ना बॅकग्राउंडला व्हायोलिन. नंतर ती कामावर जाते, तिथे हाच माणूस रोज समोर, आणि तो ओशाळून काहीतरी बोलायला आला की उलट तीच त्याला सावरून घेते, काही नाही रे, ठीक आहे. तो सीन बघताना माझ्या पोटात गोळा आला. यान्नेचं काम करणाऱ्या एने श्वार्त्सने चेहऱ्यावर काहीही न दाखवता सगळं दाखवलंय.

आणि मैत्रिणीच्या काकू म्हणाल्या, अगं एक कानाखाली द्यायची ना सरळ, ओरडायचं तरी! काकू मनाने खूप चांगल्या आहेत, पण मला ते फार लागलं, कारण हेच तर कोर्टातही बोललं गेलंय. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनीच बलात्कार केला, आणि सुप्रीम कोर्टाने त्यांना सोडलं, का तर अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचं दिसत नाही. त्यावर १९७९ मध्ये चार प्राध्यापकांनी कोर्टाला खुलं पत्र लिहिलं, त्यात आपल्या पुण्याच्या वसुधा धागमवार होत्या. त्यांचं म्हणणं एवढंच, की घाबरून गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे. त्या पत्रानंतर देशभर बायका रस्त्यावर उतरल्या, १९८३ ला कायदा बदलला, पण अंगाने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरायची नाही, हे कायद्यात स्पष्ट शब्दांत यायला २०१३ उजाडलं! मध्ये किती जणींना हाच प्रश्न विचारला गेला असेल.

काकूंना मी एवढंच विचारलं की समजा यान्ने बोलली असती, तर कोणाकडे? नवऱ्यासारखा राहणारा जोडीदार स्वतःच्याच टेन्शनमध्ये, बॉस त्याचाच नातेवाईक, आणि शाळेतले सगळे म्हणणार, मार्टिन? छे, तो तसा नाहीये. काकू म्हणाल्या, हो गं, आमच्याकडेही असंच म्हणाले असते.