दोन्ही मुळे धन आली तर?

क्षेत्रफळाच्या शाब्दिक उदाहरणात वर्गसमीकरणाच्या दोन मुळांपैकी, म्हणजे क्षच्या दोन उत्तरांपैकी, कोणते ठेवायचे, हे चिन्ह पाहून नव्हे तर आकृती पाहून ठरवावे, असा आग्रह मी कोथरूडला माझ्याकडे शिकायला येणाऱ्या दहावीच्या मुलांकडे धरतो.

पुण्यात जमिनीची बोलणी गुंठ्यांत होतात, म्हणून सुरुवात तिथूनच करू. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाजूचा चौरस, अर्थात १०८९ चौरस फूट. दोन गुंठ्यांच्या आयताकृती प्लॉटची लांबी रुंदीपेक्षा ३३ फुटांनी जास्त असेल, तर रुंदी क्ष मानून क्ष² + ३३क्ष − २१७८ = ० हे वर्गसमीकरण मिळते आणि अवयव पाडले की क्ष = ३३ किंवा क्ष = −६६ येते. रुंदी ऋण नसते म्हणून −६६ खोडायचे, हे बरोबरच; पण खोडण्यापूर्वी त्याच्याकडे नीट पाहावे, कारण चिन्ह बाजूला ठेवले तर ती त्याच प्लॉटची लांबी आहे. लांबीला क्ष मानले असते, तर मुळे ६६ आणि −३३ आली असती.

खरी कसोटी रस्त्याच्या उदाहरणात लागते. सोसायटीच्या ३० मीटर लांब व २० मीटर रुंद बागेत कुंपणाला लागून, आतल्या अंगाने चहूबाजूंनी सारख्या रुंदीचा जॉगिंग ट्रॅक करायचा आहे आणि हिरवळीसाठी ४१६ चौरस मीटर जागा उरायला हवी. पुष्कळ मुले इथे (३० − क्ष)(२० − क्ष) असे मांडून मोकळी होतात. कच्ची का होईना, आकृती काढली की ट्रॅक दोन्ही टोकांना जागा खातो हे दिसते आणि कंस (३० − २क्ष)(२० − २क्ष) असे होतात. गुणाकार करून, ४ ने भागले की क्ष² − २५क्ष + ४६ = ० उरते; मुळे २ आणि २३.

दोन्ही धन! आता 'ऋण मूळ खोडा' हा ठोकताळा कामाचा नाही. २३ मीटर रुंदीचा ट्रॅक २० मीटर रुंद बागेत मावणार नाही हे उघड आहे. तरीही पडताळा घेतला तर (−१६) × (−२६) बरोबर ४१६ च येतात, कारण दोन्ही बाजू ऋण झाल्या तरी गुणाकार धनच राहतो. म्हणून क्ष मानतानाच शेजारी ० < क्ष < १० ही मर्यादा लिहून ठेवावी, असे माझे मत आहे.

हा पेच जुनाच आहे. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातील 'बीजगणित' या ग्रंथात वानरांचे उदाहरण आहे: कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून वर्ग केला, तितके वानर गुहेत गेले आणि उरलेला एक फांदीवर दिसला. उत्तरे ५० आणि ५. परंतु ५ चा पाचवा भाग १, आणि त्यातून ३ वजा केले की संख्या ऋण होते. म्हणून भास्कराचार्यांनी ५ हे उत्तर ग्राह्य धरले नाही.

उत्तरपत्रिकेतही '२३ अग्राह्य' एवढ्यावर थांबू नये; 'कारण २ × २३ = ४६, आणि बागेची रुंदी २० मीटरच आहे' ही ओळ त्याखाली हवी.